शाळेच्या ग्रंथालयातली विसरलेली लाडकी पुस्तके: शोधण्यापासून पुन्हा मुलांच्या हाती देईपर्यंत

शाळेच्या ग्रंथालयातली जुनी पुस्तके बाहेर काढायचे ठरले की पहिल्याच दिवशी दोन गोष्टी होतात: झाडलोट सुरू होते आणि रद्दीचा गठ्ठा बांधला जातो. दोन्ही कामे करायचीच आहेत, पण इतक्या लवकर नाही. एखादे पुस्तक मुलांनी किती वाचले याच्या खुणा त्या पुस्तकाच्याच अंगावर असतात. आत चिकटवलेल्या तारीखपट्टीवरचे देवघेवीचे शिक्के, झिजलेले कोपरे, दोनदा चिकटवलेली पाठ (बांधणीची बाजू). नेमकी अशीच पुस्तके सर्वांत फाटकी दिसतात आणि रद्दीत पहिली जातात. जी कुणीच कधी उघडली नाहीत ती कोरी करकरीत असल्याने कपाटात राहतात.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोंदी, मग माणसांच्या आठवणी, मग कपाट, मग वाचून निर्णय, त्यानंतर दुरुस्ती आणि शेवटी मांडणी. यातला कोणताही टप्पा पुढेमागे झाला की काम दुप्पट होते.

पूर्वतयारी

एका वेळी एकच कपाट घ्या. सगळी पुस्तके एकदम जमिनीवर आली की मधली सुट्टी संपेपर्यंत मूळ जागा कुणालाच आठवत नाहीत. दोन मोठी माणसे आणि चार ते सहा विद्यार्थी पुरेत. त्याहून जास्त हात असले की पुस्तके नोंदीविना इकडून तिकडे जातात.

जवळ हे ठेवा: दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंद केलेली वही), उपलब्ध असतील तेवढ्या जुन्या देवघेव नोंदवह्या, एक कोरी वही, पेन्सिली (शाईचे पेन टेबलावर नकोच), कागदी चिठ्ठ्या, मऊ केसांचा रुंद ब्रश, कोरडी सुती फडकी, पांढरे प्लास्टिक खोडरबर, हातमोजे, एन-९५ मास्क आणि बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या. दुरुस्तीचे सामान आजच काढू नका. ते समोर दिसले की कुणीतरी चिकटवायला बसतेच.

चिकट रंगीत चिठ्ठ्या पुस्तकात लावू नका. काढल्यावरही त्यांचा डिंक कागदावर राहतो, त्यावर धूळ बसते, आणि ठिसूळ पानावरून काढताना अक्षरेही उचकटतात. साध्या कागदाची पट्टी पानांत सरकवली की काम होते.

टप्पा १: नोंदवह्यांतून पहिली यादी

देवघेव नोंदवहीची सगळी पाने वाचायची गरज नाही. प्रत्येक वर्षातला शाळा सुरू झाल्यानंतरचा दुसरा महिना आणि परीक्षेनंतरचा एक महिना निवडा. परीक्षेच्या आधीचे महिने टाळा, कारण तेव्हा अभ्यासाची पुस्तके जातात. निवडलेल्या महिन्यांत जी नावे पुन्हा पुन्हा येतात ती वहीत उतरवा आणि प्रत्येक नावासमोर दाखल क्रमांक लिहा.

आता एक हिशेब करा. एखादे पुस्तक वर्षात ३० वेळा गेले, पण त्याच्या पाच प्रती होत्या, तर प्रतीमागे सहा वेळा गेले. दुसरे पुस्तक १४ वेळाच गेले, पण प्रत एकच होती, तर ते अधिक लाडके होते. एकूण आकडा पाहिला तर शाळेने घाऊक घेतलेली पुस्तके वर येतात आणि एकुलती एक प्रत हातोहात फिरत राहिलेले पुस्तक खाली राहते.

दाखल नोंदवहीत आणखी एक खूण सापडते. एकच शीर्षक काही वर्षांच्या अंतराने पुन्हा विकत घेतलेले असेल, तर पहिली प्रत बहुधा वाचून वाचून संपलेली असते किंवा कुणाला तरी परत द्यावीशी वाटलेली नसते. दोन्ही अर्थ आपल्या कामाचे.

*तपासा:* वर्गात सक्तीने वाटलेली पुस्तके ओळखून वगळा. एकाच तारखेला एकाच वर्गातल्या सगळ्यांच्या नावावर तेच शीर्षक दिसले, तर ती आवड नव्हे, गृहपाठ होता.

टप्पा २: आठवणींची यादी

नोंदवह्या अर्ध्याच सापडतात, म्हणून माणसांना विचारावे लागते: जुने शिक्षक, शिपाई, माजी विद्यार्थी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे "तुमचे आवडते पुस्तक कोणते?" असा थेट प्रश्न. त्यावर लोक मोठेपणी ऐकलेली प्रसिद्ध नावे सांगतात. त्याऐवजी असे विचारा:

- कोणत्या इयत्तेत असताना वाचले? बाई कोण होत्या?
- त्यातले कोणते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे?
- कशाची भीती वाटली, कुठे हसू आले?
- पुस्तक हातात मावत होते की मांडीवर ठेवावे लागत होते? जाड होते की पातळ?
- कोणत्या कपाटातून मिळायचे?

उत्तरे तीन रकान्यांत लिहा: प्रसंग किंवा चित्र, वर्ष आणि इयत्ता, बाकी तपशील. शोधताना पहिल्या दोन रकान्यांवर भर द्या. शीर्षक आणि मुखपृष्ठाचा रंग यांच्या आठवणी फार फसव्या असतात. शीर्षक म्हणून अनेकदा नायकाचे किंवा प्राण्याचे नाव सांगितले जाते, आणि रंगाच्या बाबतीत तर नंतर चढवलेल्या खाकी कव्हरचाच रंग लक्षात राहिलेला असतो. आकार आणि चित्रे मात्र बऱ्यापैकी खरी निघतात.

इयत्तेवरून वर्ष काढा आणि दाखल नोंदवहीत त्या वर्षाच्या आधीची दहा वर्षे चाळा. मुलाने वाचलेले पुस्तक त्याच वर्षी घेतलेले असेल असे मुळीच नाही.

टप्पा ३: कपाट उघडणे

हात लावण्यापूर्वी प्रत्येक फळीचा समोरून फोटो काढा. मग वरच्या फळीपासून सुरुवात करा, म्हणजे झटकलेली धूळ साफ केलेल्या फळीवर पडत नाही. पुस्तक काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका. जुन्या बांधणीची पाठ तिथेच फाटते. शेजारची दोन पुस्तके थोडी आत ढकला आणि हवे ते मधोमध धरून बाहेर घ्या.

पुस्तके कुठे दडलेली असतात हेही पाहून घ्या. रांगेच्या मागे पडलेली, वरच्या फळीवर आडवी रचलेली, "संदर्भ" म्हणून कुलूपबंद केलेली, बांधणीसाठी गठ्ठा करून ठेवलेली आणि मोठ्यांच्या विभागात चुकून लागलेली. पातळ पुस्तिकांची पाठ इतकी अरुंद असते की फळीवर त्या दिसतच नाहीत. दोन जाड पुस्तकांच्या मध्ये बोट फिरवून पाहा.

प्रत्येक पुस्तकाच्या खुणा वाचा:

तारीखपट्टी दाटीने भरलेली आणि मग एका तारखेला अचानक थांबलेली दिसली, तर ते पुस्तक नक्की बाजूला काढा. हळूहळू विरळ होत गेलेल्या तारखांचा अर्थ आवड ओसरली. अचानक थांबल्याचा अर्थ बहुतेकदा वेगळाच असतो: कपाट हलले, वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला, पाठीवरचे लेबल गळाले किंवा पुस्तक चुकीच्या फळीवर ठेवले गेले. म्हणजे पुस्तक मुलांच्या मनातून उतरले नव्हते, नजरेआड झाले होते.

पानांच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे पाहा. सुरुवातीची वीस पानेच मळलेली असतील तर मुलांनी पुस्तक अर्ध्यात सोडले. शेवटापर्यंत सारखे मळले असेल तर पूर्ण वाचले. मधलीच काही पाने काळवंडलेली असतील तर तिथे एखादे चित्र किंवा प्रसंग आहे. पान क्रमांक लिहून ठेवा, टप्पा ९ मध्ये तो उपयोगी पडेल.

*सावधान:* केसाळ किंवा पिठासारखी बुरशी दिसली, दमट कुबट वास आला, वाळवीची माती किंवा पानांत जिवंत किडे आढळले, तर पुस्तक तिथल्या तिथे पिशवीत बंद करा आणि वेगळ्या खोलीत न्या. झटकू नका. बुरशीची बीजे हवेतून पुढच्या फळीवर जातात. हे काम मोठ्यांनी मास्क आणि हातमोजे घालूनच करायचे. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी त्या खोलीत येऊ नये.

टप्पा ४: बाधित पुस्तके आणि साफसफाई

किड्यांवर घरगुती उपाय म्हणजे गोठवणे. पुस्तक पिशवीत घालून हवा दाबून काढा, पिशवी घट्ट बंद करा आणि उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर किमान २४ तास पिशवी उघडू नका. लगेच उघडली तर हवेतले बाष्प थंड कागदावर जमते आणि पाने ओली होतात. गोठवण्याने बुरशी मरत नाही, फक्त थांबते. बुरशीचे पुस्तक मोकळ्या, हवेशीर, कोरड्या जागी पूर्ण सुकवा आणि बुरशी भुकटीसारखी कोरडी झाल्यावरच इमारतीबाहेर ब्रशने काढा. फार पसरली असेल तर ती प्रत मुलांना देऊ नका.

कडक उन्हात पुस्तके वाळत घालण्याची सवय सोडलेली बरी. उन्हाने रंग उडतात, कागद पिवळा आणि ठिसूळ होतो, पुठ्ठे वाकतात. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ मुलांच्या श्वासात जाते आणि वास पानांतून महिनोन्महिने जात नाही.

बाकीच्या पुस्तकांसाठी कोरडी सफाई पुरते. पुस्तक घट्ट मिटून धरा आणि वरच्या कडेवरची धूळ पाठीकडून बाहेरच्या दिशेने ब्रशने काढा. उलट दिशेने ब्रश फिरवला तर धूळ पाठीच्या पोकळीत शिरते. पानांवरचे बोटांचे डाग खोडरबराने एकाच दिशेने हलके पुसा. मुलांनी लिहिलेली नावे आणि शेरे खोडत बसू नका. ओले फडके, स्पिरिट, साबण यांना कागदाजवळ येऊ देऊ नका. शाई फुटते आणि चकचकीत कागदाची पाने एकमेकांना कायमची चिकटतात.

*तपासा:* कपाटाच्या आतली हवा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली तर बुरशी परत येते. साधा आर्द्रतामापक आठवडाभर आत ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले असेल तर हातभर पुढे ओढा.

टप्पा ५: पाने मोजणे

कंटाळवाणे काम आहे आणि म्हणूनच टाळले जाते. मग मुलाच्या हाती गोष्ट येते ती शेवटच्या चार पानांशिवाय.

पान क्रमांक सलग आहेत का पाहा. चित्रांच्या पानांवर क्रमांक नसू शकतो, तेव्हा चित्रांची वेगळी यादी सुरुवातीला छापली आहे का तेही बघा. शिवलेल्या पुस्तकात एक पान सुटले असेल तर त्याच फर्म्यातले (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गटातले) जोडीचे पानही सैल असते, कारण ती दोन्ही एकाच घडीचे भाग असतात. १६ पानी फर्म्यात पृष्ठ १-२ गेले असेल तर १५-१६ हलवून पाहा.

हरवलेली पाने दुसऱ्या प्रतीत असू शकतात. दोन अपुऱ्या प्रतींतून एक पूर्ण प्रत करता येते, मात्र आवृत्ती एकच हवी. आवृत्ती बदलली की पानांची मांडणी बदलते आणि वाक्य मध्येच तुटते.

टप्पा ६: वाचा आणि मग ठरवा

दुरुस्तीच्या आधी वाचन का? कारण एका पुस्तकाच्या दुरुस्तीला तास-दोन तास जातात आणि ते शेवटी मुलांना द्यायचे नाही असे ठरले तर ते फुकट जातात. एकेकाळी लाडके असलेले प्रत्येक पुस्तक आजच्या फळीवर आलेच पाहिजे असे नाही. मोठ्यांचे आठवणींचे प्रेम या टप्प्यावर आडवे येते, म्हणून ज्याच्या बालपणीचे ते पुस्तक आहे त्याने एकट्याने निर्णय घेऊ नये. त्या वयाच्या दोन मुलांनाही वाचायला द्या आणि कुठे थांबली ते पाहा.

पाहायचे ते एवढे: अक्षर पुरेसे मोठे आणि छपाई स्पष्ट आहे का, माहितीपर पुस्तक असेल तर माहिती आज खरी आहे का, जात, वर्ण, शरीराचे व्यंग किंवा मुलींबद्दल बोचरे उल्लेख आहेत का. माहितीपर पुस्तकांच्या बाबतीत कठोर व्हा. नऊ ग्रहांची सूर्यमाला सांगणारे पुस्तक कितीही देखणे असले तरी ते विज्ञानाच्या फळीवर नको; २००६ पासून प्लूटोची गणना ग्रहांत होत नाही. गोष्टींच्या बाबतीत थोडे सैल राहायला हरकत नाही. काही पुस्तके शिक्षकाने सोबत बसून, बोलत बोलत वाचण्याजोगी असतात. तशी चिठ्ठी आत ठेवा.

आता चार गठ्ठे करा: थेट फळीवर, दुरुस्तीला, फक्त ग्रंथालयात बसून वाचायला आणि निर्लेखनाला (नोंदवहीतून रीतसर कमी करायला). कागद किती ठिसूळ आहे हे पाहण्यासाठी शेवटच्या कोऱ्या पानाचा छोटा कोपरा हलकेच पुढे आणि मागे दुमडा. पहिल्या-दुसऱ्या घडीतच तुटला तर ते पुस्तक घरी देण्यासारखे नाही, मग बांधणी कितीही नवी असो.

निर्लेखन म्हणजे रद्दी नव्हे. दाखल नोंदवहीत शेरा, तारीख, कारण आणि मुख्याध्यापकांची सही झाल्याशिवाय पुस्तक दाराबाहेर जाऊ देऊ नका.

टप्पा ७: दुरुस्ती

पहिला नियम: सेलोटेप नाही. काही वर्षांत तिचा चिकट थर कागदात उतरतो, तपकिरी डाग पडतो, वरचे प्लास्टिक गळून जाते आणि फाटलेली जागा पुन्हा उघडते. जुनी टेप आधीच लावलेली असेल आणि घट्ट असेल तर ओढू नका, अक्षरांसकट निघेल.

*फाटलेले पान.* गव्हाचा स्टार्च एक भाग आणि पाणी पाच भाग घेऊन मंद आचेवर सतत ढवळत दाटसर, पारदर्शक होईपर्यंत शिजवा. ही खळ गार करून गाळा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबूस वास आला की फेका. लांब तंतूंच्या पातळ टिश्यू कागदाची साधारण एक सेंटिमीटर रुंद पट्टी फाडून घ्या. कात्रीने कापू नका; फाडलेल्या कडेचे तंतू पानात मिसळून जातात, कापलेली सरळ कड मात्र पान उलटताना उठते. फाटलेल्या कडा बरोबर जुळवा, पट्टीला खळीचा पातळ थर द्या, लावा, वरून-खालून बटर पेपर आणि त्यावर टिपकागद ठेवून वजन ठेवा. तासाभराने टिपकागद बदला आणि रात्रभर राहू द्या. खळ जास्त झाली तर पान सुरकुततेच.

*सुटलेले एकच पान.* बांधणीच्या बाजूच्या कडेला पीव्हीए गोंदाची (पांढऱ्या गोंदाची) फक्त तीन मिलिमीटर रुंद रेघ द्या आणि शेजारच्या पानाला चिकटवा. रेघ रुंद झाली तर आतली अक्षरे बांधणीत गडप होतात.

*सैल पुठ्ठा.* पुस्तक उभे धरा, पुठ्ठे थोडे उघडा. पाठीजवळ पोस्तीन (पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला कोरा कागद) आणि पुठ्ठा यांच्यामध्ये फट दिसेल. विणकामाची बारीक सुई पीव्हीएत बुडवून फटीत घाला आणि गोल फिरवत बाहेर काढा. पुस्तक मिटा, बिजागरीची खाच बोथट पट्टीने दाबा, पोस्तिनाच्या घडीत बटर पेपर ठेवा आणि वजनाखाली रात्रभर ठेवा. बटर पेपर विसरलात तर सकाळी पुठ्ठा आणि पहिले पान एकजीव झालेले असेल.

*गंजलेल्या पिना असलेली पुस्तिका.* गंज कागद खातो, म्हणून पिना काढाव्याच लागतात. घडीच्या आतल्या बाजूने पिनांचे वळलेले पाय सरळ करा आणि बाहेरून अलगद उचला. मग मधल्या घडीवर तीन भोके पाडा: एक बरोबर मध्ये, दोन टोकांपासून साधारण तीन सेंटिमीटरवर. दोरा पुस्तिकेच्या उंचीच्या अडीचपट घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधले सोडून खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना घेऊन त्यावर गाठ मारा. जुनीच भोके वापरू नका, त्यांच्या कडा गंजाने कमकुवत झालेल्या असतात.

शिवण पूर्ण सुटलेले जाड पुस्तक बांधणी करणाऱ्याकडे द्या. देताना लेखी सांगा: कडा कापायच्या नाहीत, मूळ मुखपृष्ठ टाकायचे नाही, तारीखपट्टी फाडायची नाही. हे सांगितले नाही तर पुस्तक काळ्या पुठ्ठ्यात परत येईल, आणि तशा पुठ्ठ्याला मुले हात लावत नाहीत.

टप्पा ८: नोंद आणि बदली प्रत

जुना दाखल क्रमांक कायम ठेवा. नवा दिला तर एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होतात आणि पुढच्या पडताळणीत एक प्रत हरवलेली दिसते. भरलेल्या तारीखपट्टीवर नवी पट्टी फक्त वरच्या कडेने चिकटवा, म्हणजे ती उचलून खालची वाचता येते. मुलांना हा प्रकार फार आवडतो. आईच्या शाळेच्या काळातली तारीख शोधत बसतात.

सूचीत लेखक आणि शीर्षकासोबत मुले ज्या शब्दांनी मागतील ते शब्दही घाला: हरवलेला कुत्रा, भुताचा वाडा, वसतिगृह, बोलणारे झाड. "ते कुत्र्याचे पुस्तक द्या" ही मागणी शीर्षकाने कधीच सापडत नाही.

बदली प्रत शोधताना आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असेल तर सोपे जाते. ही पद्धत १९७० नंतर रुळली, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकावर तो क्रमांक बहुधा नसतो. पुढच्या काळातल्या पुस्तकांवर १० अंकी आणि जानेवारी २००७ पासून १३ अंकी क्रमांक आहे. क्रमांक नसल्यास प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, चित्रकार आणि पृष्ठसंख्या टिपून घ्या. पृष्ठसंख्या बरीच कमी दिसली तर ती संक्षिप्त आवृत्ती असण्याची शक्यता आहे, आधी विचारा. चित्रकार बदललेला असेल तर माजी विद्यार्थी "हे ते नव्हे" म्हणतील; आजच्या मुलांना फरक पडत नाही.

टप्पा ९: मुलांच्या हाती

इथवर आलेले काम बऱ्याच ठिकाणी याच टप्प्यावर वाया जाते. साठ पुस्तके नीट करून त्याच कपाटात, पाठी बाहेर करून लावली जातात. वर "दुर्मिळ जुनी पुस्तके" अशी पाटी. मुलांसाठी ती पाटी म्हणजे हात लावू नका असाच इशारा.

एका वेळी आठ ते दहाच पुस्तके काढा. मुखपृष्ठ समोर दिसेल अशी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, दाराकडून आत येताना दिसतील अशा जागी उभी ठेवा. जुनेपणाचा उल्लेख कुठेही नको. मुखपृष्ठ विटलेले असेल तर आतल्या चित्राचे पान उघडून ठेवा, पण दर दोन दिवसांनी पान बदला, नाहीतर पाठ तिथेच मोडते.

मग प्रत्येक वर्गात पाच-सात मिनिटे वाचून दाखवा. सुरुवातीपासून नव्हे, जुन्या गोष्टींची पहिली पाने बहुधा संथ असतात. टप्पा ३ मध्ये लिहून ठेवलेली ती काळवंडलेली पाने काढा, तिथून वाचा आणि ऐन प्रसंगात थांबा. पुस्तक त्याच तासाला नावावर टाकता आले पाहिजे. "उद्या ग्रंथालयात या" म्हटले की अर्धी मुले येत नाहीत. प्रत एकच असेल तर इच्छुकांची यादी भिंतीवर लावा आणि परतीची मुदत आठवड्याची करा.

दोन आठवड्यांनी संच बदला. गेलेली पुस्तके परत आली की त्यांच्या विषयाच्या फळीवर जातात, पाठीवरच्या नव्या लेबलासह.

*तपासा:* दोन फेऱ्यांत एकदाही न गेलेले पुस्तक लगेच बाद करू नका. आधी दुसऱ्या इयत्तेत दाखवा. मोठ्यांनी आठवणीवरून सांगितलेले वय बऱ्याचदा एक-दोन इयत्तांनी चुकलेले असते. तिथेही गेले नाही, तर ते बसून वाचायच्या गठ्ठ्यात ठेवा आणि समोरची जागा पुढच्या पुस्तकाला द्या. सत्राच्या शेवटी नव्या तारीखपट्ट्यांवरचे शिक्के मोजा. ज्या पुस्तकाला पाच किंवा अधिक शिक्के पडले, त्याच्या दुसऱ्या प्रतीची मागणी पुढच्या वर्षाच्या खरेदीच्या यादीत आत्ताच लिहा.